ट्रॅव्हलरच्या टपावरची सोलर पॅनल ७० च्या पुढे शीळ घालतात, विंड डिफ्लेक्टर लावू का?

टपोरी_प्रवासी (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. लांबलंय, आधीच माफी मागतो.

गाडी जुनी ट्रॅव्हलर आहे, सेकंडहँड घेतलेली. मागच्या सीटा काढून आत पलंग, छोटा ओटा आणि १२ व्होल्टचा ४० लिटरचा फ्रिज बसवलाय. मी, बायको, दोन पोरं आणि कधीकधी सासूबाई एवढा लवाजमा असतो. दिवाळीच्या आधी टपावर २०० वॅटची दोन पॅनल लावून घेतली. ओळखीच्या फॅब्रिकेटरने एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम केली, आधीच्या मालकाने लावलेल्या लगेज कॅरियरवर ती वेल्ड केली आणि वर पॅनल नटबोल्टने आवळली. पत्र्यापासून पॅनलचा वरचा काठ मोजला तर साडेचार इंच येतो, आणि पुढचं पॅनल समोरच्या काचेच्या वर टप जिथे वळतो तिथून जेमतेम वीतभर मागे आहे.

वीज मस्त मिळते, फ्रिज-पंखा-मोबाइल सगळं चालून बॅटरी दुपारी दोनच्या आत फुल. त्रास आहे तो वाऱ्याचा. ६० पर्यंत गाडी गुमान चालते, ७० ला बारीक शीळ सुरू होते, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येते ना तशी, आणि ८० च्या पुढे त्यात घरघर मिसळते. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं की मागे कुकर लावलाय का.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं. पण मागच्या महिन्यात साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला गेलो होतो, गाडी लावून चहा करत होतो आणि वरचं पुढचं पॅनल धाडधाड आपटायला लागलं. चढून बघतो तर चारातले दोन नट गायब आणि तिसरा बोटाने फिरतोय. सुतळी आणि ओढणीने बांधून, ४० च्या स्पीडने घर गाठलं.

आता फॅब्रिकेटर म्हणतोय समोर ट्रकसारखा टोप लावू, विंड डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वरून जाईल आणि सगळं थांबेल, शिवाय मायलेजही वाढेल. त्याने कागदावर काढून दिलाय तो १४ इंच उंच आहे. लावू का? की पॅनल काढून सरळ टपावर चिकटवून टाकू, हल्ली ती वाकणारी पॅनल येतात तसली घेऊन? आणि आरटीओचं काय?

उद्यमनगरचा_वेल्डर (कोल्हापूर)

भावा, टोप नंतर. आधी त्या चौकोनी पाइपची तोंडं बंद केल्यात काय ते बघ. ९० टक्के लोक पाइप कापतात, फ्रेम करतात आणि टोकं उघडी ठेवतात. त्या उघड्या टोकावरनं वारं गेलं की बासरीच की ती! तूच बाटलीची शीळ म्हणालास, तिथंच उत्तर हाय. पाच-दहा रुपयाला प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात पाइपला मारायच्या, त्या मार. पाइपला बोल्टसाठी जादा भोकं पाडून ठेवली असतील तर ती पण बुजव.

करून बघायची सोपी रीत सांगतो. मास्किंग टेप घे, आधी फक्त पाइपची तोंडं चिकटव आणि हायवेला एक चक्कर मार. शीळ गेली तर सापडलं. नाही गेली तर मग कॅरियरचा गोल आडवा पाइप असंल, त्याच्यावर दोरी मळसूत्रासारखी, म्हणजे गोल जिन्यासारखी फिरवत गुंडाळ, चार-पाच इंचाला एक वेढा. कारखान्याच्या उंच धुराड्याला वरच्या बाजूला पट्टी फिरवलेली बघितलीस का कधी, ती शोभेला नसती. वारं दोन्हीकडनं एका तालात सुटू नये म्हणून असती.

आणि साधा नट कुणी वापरला रे? हलणाऱ्या गाडीवर नायलॉक नट पाहिजे, आत निळी किंवा पांढरी नायलॉनची रिंग असती तो. एकदा काढला की परत वापरायचा नाही, नवा घ्यायचा. रुपयाचं काम हाय पण लोक तिथंच वाचवतात.

साडेबावीस_व्होल्ट (नाशिक)

वेल्डरभाऊंशी सहमत, पण मला वेगळंच दिसतंय. पॅनल आपटलं तेव्हा गाडी उभी होती. म्हणजे वारा समोरूनच आला असेल असं काही नाही, चाळकेवाडीला तर तो कुठूनही येतो, म्हणून तर तिथे पवनचक्क्या आहेत. बाजूने आलेल्या वाऱ्याला समोरचा डिफ्लेक्टर काय करणार? तुमची दुखणी दोन आहेत आणि फॅब्रिकेटर दोन्हीवर एकच गोळी देतोय.

थोडा हिशेब मांडतो, कंटाळा आला तर पुढे जा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ला एका चौरस मीटरवर साधारण ३० किलो, १०० ला ४७ किलो, आणि तुम्ही १०० ने चाललाय आणि समोरून २० चा वारा आला तर ६८ किलो. तुमचं २०० वॅटचं पॅनल अंदाजे एक चौरस मीटर आणि वजन १०-१२ किलो. हा सगळा दाब पॅनल उचलण्यातच जातो असं नाही, पण पुढच्या काठाखाली हवा घुसली की ती पॅनलला खालून ढकलते आणि वरून वेगाने जाणारी हवा ओढते, त्यामुळे बोल्ट निवडताना एवढं धरूनच चालायचं. सगळे विचारतात टपाला एवढं वजन झेपेल का. अहो वजन खाली बसतं, त्याचं काय एवढं, भीती उचलण्याची धरा. आणि तुमची फ्रेम कॅरियरवर आहे, कॅरियर कशावर आहे? पत्र्याला चार स्क्रू मारून उभं केलं असेल तर नायलॉक लावून उपयोग नाही, पॅनल, फ्रेम, कॅरियर सगळं एकत्रच उडेल. आतून सीलिंगचं कापड थोडं सोडवा आणि टपाच्या आडव्या फासळ्या कुठे आहेत ते बघा, पाय त्या फासळ्यांवर यायला हवेत.

वाकणारी पॅनल चिकटवू नका. पॅनल तापलं की वीज कमी देतं, २५ अंशाच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के. मे महिन्यात टपाचा पत्रा हात ठेववत नाही, पॅनल ६५ अंशाला गेलं की १६ टक्के तिथेच गेले. खालून हवा खेळली तर यातलं थोडं वाचतं. चिकटवलेल्याला खालून हवाच नाही, शिवाय ती उष्णता खाली गाडीत उतरते ते वेगळंच. काचेचं पॅनल उलट टपावर सावली धरतं.

जाता जाता, तुमची दोन्ही पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली आहेत का? असतील तर पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरवर जास्तीत जास्त किती व्होल्ट लिहिलंय बघा. एकेकाचे उघडे व्होल्ट, म्हणजे काही न जोडता मोजलेले, २२.५ धरले तर दोघांचे ४५, आणि थंडीत व्होल्टेज वाढतं. स्पितीला उणे १० मध्ये सकाळी ऊन पडलं की ते ४९-५० ला टेकतं. ५० व्होल्टचा कंट्रोलर असेल तर तिथे राम म्हणेल. १०० वाला घ्या, एकदाच काय ते.

रोखठोक_०७

एवढं सगळं करण्यापेक्षा लॉजवर राहा की राव. २ पॅनल, कंट्रोलर, लिथियम बॅटरी, आता डिफ्लेक्टर, या पैशात पाच वर्षं हॉटेलात जेवाल.

खारा_वारा (रत्नागिरी)

रोखठोक दादा, कुणी विचारलं तुम्हाला 😄

माझी गाडी लहान आहे, ओम्नी, एकच १०० वॅटचं पॅनल, पण समुद्रकाठी सहा वर्षं काढलीत त्याने म्हणून लिहिते. मी पहिला डिफ्लेक्टर केला तो अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, आणि शहाणपणा असा केला की खालचा काठ टपाला पूर्ण चिकटवला, सिलिकॉन भरून, म्हणजे वाऱ्याला शिरायला जागाच नको. दिसायला एकदम कंपनी फिटिंग. मग आम्ही दोन दिवस सुरूच्या बनात गाडी लावली. सुरूच्या काड्या बघितल्या असतील तुम्ही, दोऱ्यासारख्या बारीक. त्या सगळ्या बाजूने आत शिरल्या आणि डिफ्लेक्टरच्या मागे कोपऱ्यात दाबून बसल्या, वर पावसाळा. पाण्याला वाटच नाही. ऑगस्टमध्ये आतल्या सीलिंगला बशीएवढा पिवळा डाग पडला तेव्हा वर जाऊन बघितलं तर तिथे चक्क खत तयार झालेलं आणि त्याखाली पत्र्याला गंज. तेव्हा खाली फट ठेवा, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी तरी, आणि दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा, कचरा काढायला.

दुसरं म्हणजे बोल्ट. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी बोल्टचं दुसऱ्या पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको, स्टेनलेसचे घ्या. पण स्टेनलेस आणि पॅनलची अॅल्युमिनियम फ्रेम एकमेकांना चिकटली आणि वर मीठपाणी बसलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड दिसते बोल्टच्या भोवती. मी मध्ये नायलॉनचे वॉशर घालते. चिकटवण्यासाठी बाथरूमचं सिलिकॉन नको, गाड्यांचं पॉलियुरेथेन सीलंट मिळतं ते, आणि ते हवेतल्या दमटपणावर सुकतं, त्यामुळे आमच्याकडे लवकर आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात उशिरा. घाई करून दुसऱ्या दिवशी हायवेला नेऊ नका.

महाबळेश्वरला माकडं टपावर उड्या मारतात त्याचा काही उपाय मला अजून सापडलेला नाही. वायरींना जाड नळी घाला एवढंच.

मेलबर्नकाका

१४ इंच?? बाबा रे, नको.

इथे ऑस्ट्रेलियात माझी टोयोटाची हायएस व्हॅन आहे, मी हीच चूक करून बसलोय. माझा डिफ्लेक्टर पॅनलच्या वर आठ इंच येत होता. हायवेवर आवाज गेला, मी खूश. मग थंडीत बाहेर पडलो, जूनमध्ये इथे दुपारी बाराला सूर्य तीस अंशांपर्यंतही वर येत नाही, आणि तुम्हाला ठाऊक असेलच की इकडे तो उत्तरेला असतो. गाडीचं तोंड उत्तरेला करून समुद्रासमोर लावली, मस्त देखावा, आणि दिवसभरात चार्जिंग जवळपास शून्य! मला वाटलं कंट्रोलर उडाला. दोन तास मीटर घेऊन बसलो, फ्यूज बदलला, हिने तीनदा जेवायला हाक मारली. शेवटी वर चढलो तर डिफ्लेक्टरची सावली पुढच्या पॅनलवर फूटभर पसरलेली.

फूटभर सावलीने अख्खं पॅनल कसं झोपतं, तर साध्या ३६ सेलच्या पॅनलमध्ये सेल लांबीच्या दिशेने माळेसारखे ओवलेले असतात, सावली आखूड बाजूवर आडवी पडली की प्रत्येक माळेतला एकेक मणी अडतो, मग बायपास डायोड (अडलेल्या सेलना वळसा घालून वीज नेणारा) असूनही काही वाचत नाही. सावली लांब बाजूवर पडली तर निदान अर्धं पॅनल चालतं. नाशिकवाले भाऊ जास्त नीट सांगतील. पुण्यात सूर्य बराच वर असतो, डिसेंबरातसुद्धा दुपारी ४८ अंशांवर, त्यामुळे तुला दुपारी एवढं जाणवणार नाही, पण सकाळ-संध्याकाळ जाणवेल, आणि हिमाचल-लडाखला जाणार असशील तर नक्की. ट्रकचा टोप मागच्या उंच कंटेनरसाठी असतो, तुझ्यामागे काय आहे, तीन-चार इंचाचं पॅनल! डिफ्लेक्टरचा वरचा काठ पॅनलच्या बरोबरीत ठेव, फार तर बोटभर वर.

साडेबावीस_व्होल्ट (नाशिक)

काका अगदी बरोबर. म्हणूनच आधी पॅनल खाली आणा. पॅनलची फ्रेम ३५ मिलिमीटर, खाली हवा खेळायला ४० मिलिमीटर, झाले ७५, म्हणजे तीन इंच. तुमचं साडेचार आहे, दीड इंच उगाच वर. तीन इंचाला ३० अंशांचा उतार द्यायचा तर पट्टी फक्त सहा इंच रुंद लागते, आणि तिच्यावर येणारा जोर तिला खाली दाबणारा असतो. आणि पॅनल पुढच्या वळणापासून निदान फूटभर मागे घ्या, त्या वळणावर हवा पत्र्यापासून सुटते आणि तिथे सगळा धिंगाणा असतो. मायलेजची आशा धरू नका, होतं तेवढं परत मिळालं तरी पुष्कळ.

उद्यमनगरचा_वेल्डर (कोल्हापूर)

पट्टी २ मिमीच्या अॅल्युमिनियमची कर, आणि वरचा काठ उलटा दुमडून घे. कोरा काठ ठेवलास तर तो पण वाजतोय, शिवाय टप धुताना हात कापतोय. अॅक्रिलिक लावू नकोस, दगड लागला की तडकतं.

आरटीओचं मी सांगतो तेवढं ऐक, वेल्डिंग काढ. बोल्टवर ठेव, निघणारं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हाय, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण सांगितलंय की नोंदणीत कंपनीचा जो मूळ तपशील हाय त्यात फरक पडंल असा बदल चालत नाही. तुझ्या तर सीटा पण काढल्यात, आरसी पुस्तकात किती सीटा लिहिल्यात ते आधी बघ. टपावरच्या पट्टीपेक्षा तिथं जास्त अडकशील. विमावाल्याला पण लेखी कळव.

टपोरी_प्रवासी (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार, रोखठोक साहेबांचे सुद्धा. सहा आठवड्यांनी लिहितोय कारण काम आत्ता पूर्ण झालं.

आधी टेपचा प्रयोग केला. पाइपची आठ तोंडं बंद करून रविवारी सकाळी सहाला कात्रज बायपासवरून खेड शिवापूरपर्यंत. शीळ गायब! बायको म्हणाली एवढ्यासाठी तू चार महिने लोकांना फोन करत होतास. घरघर मात्र तशीच होती, म्हणून दुसरा प्रयोग केला, हा कुठेतरी वाचलेला. सासूबाईंच्या लोकरीच्या गुंड्यातले वीतभर तुकडे टपावर आणि पॅनलवर टेपने चिकटवले, साधारण चाळीस, आणि मेव्हण्याला बाजूने उंच गाडीतून मोबाइलवर शूट करायला लावलं. व्हिडिओ बघून मी थक्क. मागच्या पॅनलवरचे धागे एका रेषेत मागे, शिस्तीत. पुढच्या पॅनलच्या पहिल्या फूटभरातले धागे उभे राहून गोल गोल नाचतायत आणि दोन-तीन तर चक्क पुढे, काचेच्या दिशेने वाकलेले. वारा तिथे उलटा फिरत होता. नाशिककर म्हणाले तोच धिंगाणा, डोळ्याने दिसला.

मग सगळं उतरवलं. जुनं कॅरियर काढलं तर नाशिककरांची भीती खरी, मागचे दोन पाय नुसत्या पत्र्यावर होते आणि एका पायाखाली पत्रा फाटायला आलेला. आता फासळ्यांवर सहा पाय, आतून पट्टी देऊन, पॅनल तीन इंचावर आणि वळणापासून चौदा इंच मागे. १४ इंच शेवटी वापरलेच, पण आडवे 😄 पट्टी सहा इंची, काठ दुमडलेला, खाली फट ठेवलीय. दोन पॅनलमधल्या फटीत रबराची पट्टी बसवली. आता ९० ला घरघर नाही असं नाही, पण गाणी ऐकू येतात. मायलेज पूर्वीएवढंच. सिरीज काढून पॅरलल केलं, म्हणजे व्होल्ट एकाच पॅनलएवढे राहतात, कारण कंट्रोलर ५० व्होल्टचाच निघाला. सीटांच्या भानगडीसाठी आरटीओत हेलपाटे चालू आहेत, त्याचा वेगळा धागा काढतो.

आणि मुद्दाम परत चाळकेवाडीला जाऊन आलो. दोन तास उभा होतो, वारा तसाच. पॅनल हललं नाही, मीच चारदा वर चढून बघितलं.

खारा_वारा (रत्नागिरी)

वा! आता नट आवळून झाल्यावर नट आणि बोल्ट दोन्हीवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारून ठेवा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना घेऊन प्रत्येक नट चाचपायला नको.

टपोरी_प्रवासी (पुणे)

ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी मारली, लाल. काल ६०० किलोमीटर झाल्यावर बघितलं, पायांवरच्या बारा आणि पॅनलच्या आठ अशा वीस नटांपैकी एकोणीस रेघा जशाच्या तशा, एक तुटलेली. डोकं खाजवत बसलो, मग आठवलं. एक नायलॉक कमी पडला होता आणि दुकान बंद झालं होतं, म्हणून तिथे जुना काढलेलाच परत लावला होता.

उद्यमनगरचा_वेल्डर (कोल्हापूर)

सांगितलं होतं 🙏